तोंडावर बोलणारा डबा

मी आयुष्यात बनवलेला सगळ्यात चांगला स्पीकर ज्या गिऱ्हाइकानं पहिल्यांदा ऐकला, त्यानं मला विचारलं, "बिघडून राहिला काय जी हा?"

हे गिऱ्हाईक म्हणजे लग्नाच्या बँडचे मास्तर. धम्म-धम्म झाल्याशिवाय आवाज आला असं त्यांना वाटतच नसे. मी छाती फुगवून सांगितलं, "मास्तर, बिघडलेला होता तो जुना. हा खरं बोलते." मास्तरांनी दीड वितीच्या त्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पान चघळत म्हणाले, "खरं ऐकाले कोण येते भाऊ तुमच्याकडे?"

प्रश्न बरोबर होता. पण तोवर मला एक माणूस भेटला होता, ज्याला खरंच ऐकायचं होतं. माणूस म्हणजे बाई. रामाकोन्याच्या गोपिकाबाई. हा डबा त्यांच्यापायी झाला.

ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटच्या धामधुमीतली ही गोष्ट. सौंसरच्या बसस्टँडजवळ माझं दुकान होतं. समोर रेडिओ-अँप्लिफायरची दुरुस्ती, लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं, आणि मागच्या खोलीत 'स्टुडिओ'. ही खोली आधी सरकी ठेवायची होती. मी भिंतींना गोणपाट ठोकलं, दाराला जुनी गादी लावली, बाहेर पाटी टांगली आणि स्वतःला साउंड इंजिनिअर म्हणवून घेऊ लागलो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, तेही दुसऱ्या धक्क्यात.

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाणारे आतल्या खोलीत बसतात आणि रेकॉर्डिंग करणारा दाराच्या अलीकडे मशीनवर. त्याला आतलं गाणं ऐकू येतं ते स्पीकरमधून. ते ऐकूनच तो ठरवतो की पेटी जरा कमी करू, ढोलकी मागं घेऊ, गळा पुढं आणू. या स्पीकरला मॉनिटर म्हणतात. त्याचं काम आपल्याला खूश करण्याचं नाही, आत काय चाललंय ते जसंच्या तसं सांगण्याचं आहे. कारण जे तो फुगवून सांगतो, ते तुम्ही भाबडेपणानं कमी करता, आणि कॅसेटवर ते कमीच पडतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझा मॉनिटर होता कपाटाएवढा. त्याचं नाव मी 'राजा' ठेवलं होतं. राजाला मी असा जुळवला होता की त्यातून माणसाचा गळा उडी मारून बाहेर येई. दुकानात येणारा प्रत्येक जण "वा!" म्हणायचा. मीही त्यात माझं गाणं लावून ऐकायचो आणि मलाही वाटायचं, वा! गाण्याची मला फार हौस. कोणाच्याही कॅसेटमध्ये कोरसला माणूस कमी पडला की मशीन सोडून मी आत घुसायचो.

गोपिकाबाईंची कॅसेट मी या राजावर ऐकून केली होती. बाई संत्र्याच्या बागांत मजुरी करायच्या. तोडा चालू असला की झाडाखालीच गाणी जुळवायच्या, बुद्धगीतं आणि भीमगीतं. जावा-नणंदांची मिळून त्यांची पार्टी होती. पेटी जावेच्या हाती, ढोलकीवर त्यांचे दीर भाऊराव. रेकॉर्डिंग झालं, राजावर ऐकलं, सगळे खूश. कॅसेट नागपूरच्या व्यापाऱ्याकडे गेली.

एप्रिलच्या उन्हात एक दिवस बाई दुकानात आल्या. हातात रुमालात गुंडाळलेली कॅसेट.

"भाऊ, माहं नाव कुठी गेलं?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "चाला माह्यासंगं."

बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक टेप होता. बाईंनी कॅसेट लावायला सांगितली. गाणं होतं, 'टोपलं ठेवलं खाली बाई, पाटी घेतली हाती.' टपरीवर ते वाजलं आणि मी टेपला कानच लावला. ढोलकी पुढं, पेटी पुढं, बाई कुठंतरी विहिरीत. आणि शेवटच्या कडव्यात तर काहीच कळेना.

आता हे शेवटचं कडवं म्हणजे काय ते सांगायला हवं. या गाण्यांत रिवाज असा की ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. तीच त्याची सही. बाईंची ओळ होती, 'रामाकोन्याची गोपिका सांगे, शिकवा आपल्या नाती.' पण दुसराही एक रिवाज आहे. शेवटच्या कडव्याला ढोलकी चढते, दुप्पट होते. गळा तिथं खाली उतरतो आणि ढोलकी वर जाते. राजावर मला गळा मोठा ऐकू येत होता म्हणून मी तो कमी ठेवलेला. झालं, बाईंची सही ढोलकीखाली पुसली गेली.

"मंग कोण्याचं गाणं हाय हे?" टपरीवाला विचारता झाला.

"हेच," बाई म्हणाल्या. "हेच मले सगळे विचारून राहिले."

मग सगळं बाहेर आलं. पांढुर्ण्याकडच्या पार्टीचे एक शाहीर होते, सुदाम. रुबाबदार माणूस, गळा दणदणीत. त्यांनी हे गाणं उचललं होतं. गावोगाव म्हणायचे आणि शेवटी, 'शाहीर सुदाम सांगे तुम्हाले, शिकवा आपल्या नाती.' बाईंनी हटकलं तर म्हणाले, "तुमच्या कॅसेटात तं कोण्याचंच नाव नाही बाई. बेवारस होतं, म्या ठेवून घेतलं."

"काल बागेत एक पोरगी मले म्हणते," बाई म्हणाल्या, "आजी, तू सुदामभाऊचं गाणं लय मस्त म्हणते."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्या म्हणाल्या, "दसऱ्याले समदे नागपूरले जातेत. तिथं कॅसेटा घेतेत. त्याच्या आंदी नवीन करा. माहं नाव ऐकू आलं पाहिजे. नाही तं राहू द्या, मी दुसरीकडं जातो."

मी म्हणालो, "होते बाई. करतोच." आणि परत येऊन राजाला लाथ मारली. पाय दुखला तो पोळ्यापर्यंत.

लहान स्पीकरची कल्पना माझी नव्हती. नागपूरच्या एका रेकॉर्डिंगच्या ठिकाणी मी एकदा मशीन दुरुस्तीला गेलो होतो. तिथं टेबलावर दोन टिचभर विलायती डबे ठेवलेले. मी हसलो होतो. तिथले गृहस्थ म्हणाले, "बोट मारून पाहा." मी बोटाच्या हाडानं डबा वाजवला. थप्प. नुसतं थप्प. आमच्याकडची स्पीकरची कोणतीही पेटी वाजवा, 'टण्ण' म्हणते. तेव्हा मी विसरून गेलो, पण आता ते थप्प कानात घुमायला लागलं.

कारण सोपं आहे. स्पीकरचा पडदा हलतो तेव्हा त्याची पेटीही हलते. पेटीच्या फळ्या आपापलं गाणं म्हणायला लागल्या की कोणता आवाज बाईंचा आणि कोणता लाकडाचा, हे कळत नाही. मोठ्या पेटीच्या मोठ्या फळ्या जास्त गातात. शिवाय माझी खोली एवढीशी, राजाचा घुमारा तिच्यात मावत नव्हता. लहान डबा, जवळ ठेवायचा, हळू ऐकायचा. खर्ज जरा कमी आला तरी चालेल, गळा खरा आला पाहिजे. पाच इंची स्पीकर, वर बारीक आवाजासाठी एक ट्वीटर, आणि दोघांत आवाजाची वाटणी करून देणारी तारेची गुंडाळी आणि कॅपॅसिटर. कागदावर अर्ध्या तासाचं काम.

पहिला डबा मी संत्र्याच्या खोक्याच्या फळ्यांचा केला. सौंसरमध्ये दुसरं काय फुकट मिळणार? बोट मारलं तर फळीनं चक्क सूर धरला. पेटीवाल्या बाईंनी त्यावरून सा लावला असता.

मग मी ठरवलं, आतून डांबर लावू. जड झालं की गप्प बसेल. विचार चुकीचा नव्हता, महिना चुकीचा होता. पातळ प्लायवूडचा डबा केला, गरम डांबर आतून फासलं, स्पीकर बसवला. बोट मारलं. थप्प! मी नाचलो. बायकोला, मालतीला, बोलावून दहा वेळा वाजवून दाखवलं. ती म्हणाली, "दार वाजवून राहिले काय? उघडू?" डबा खिडकीत ठेवला आणि जेवायला गेलो. मे महिना. सौंसरचं ऊन. परत आलो तर डांबर भिंती सोडून खाली आलेलं, आणि स्पीकरचा कागदी पडदा त्यात असा बसलेला, जसा चिखलात रेडा.

पुढच्या वेळी नमद्याचे, म्हणजे खोगिराखाली घालतात त्या जाड कापडाचे, तुकडे डांबरात बुडवून, वाळवून, वर खिळे मारून बसवले. ते टिकले. आता आतला घुमारा शोषायला डब्यात थोडं मऊ भरावं लागतं. त्यासाठी लोकर वगैरे वापरतात. मी म्हटलं, आपण कापसाच्या मुलखातले, लोकर कशाला? सासऱ्यांच्या घरून कापूस आणला आणि भरला. आवाज सुरेख. फक्त ढोलकी वाजली की आत कोणीतरी खडखड खुळखुळा वाजवायचं. दोन दिवस मी तारा तपासल्या, सांध्यांना पुन्हा डाग दिला, स्क्रू आवळले. मालती मागं उभी राहून पाहत होती. शेवटी म्हणाली, "अवो, सरकी काढली होती का कापसातली?"

नव्हती काढली. मी म्हणालो, "काढतो नंतर." पाऊस सुरू झाला आणि नंतरच्या आधी उंदीर आला. सरकीसाठी त्यानं मागची फळी कुरतडली, जाताना ट्वीटरची तार घेऊन गेला. त्या डब्याचं पुढं काय झालं विचारू नका. मालती त्यात लसूण ठेवत असे.

गोपिकाबाई बाजाराच्या दिवशी डोकावून जायच्या. "झालं काय भाऊ?" मी डांबरानं काळा, हाताला कापूस चिकटलेला. त्या पाहायच्या आणि म्हणायच्या, "चालू द्या, चालू द्या." कधी हसल्या नाहीत, आणि हसल्या असत्या तरी चाललं असतं. मध्येच सुदामभाऊंनी आणखी दोन गावं मारल्याची बातमी सांगून जायच्या. मग मी पुन्हा करवत हातात घ्यायचो.

पुढचा डबा जमला. पिंजाऱ्याकडून धुनकून आणलेला, सरकी नसलेला कापूस भरला. पण डबा गप्प बसला म्हणून खरं बोलतो असं होत नाही. ते कसं तपासायचं? मोजायची यंत्रं माझ्याकडं नव्हती. पण एक आवाज असा होता जो मी रोज, न मागता ऐकत होतो.

मालतीला मी संत्र्याच्या बागेत नेलं. बागेत कारण तिथं भिंती नाहीत, खोलीचा घुमारा आवाजात मिसळत नाही. तिला झाडाखाली उभं केलं, समोर माइक, हातात जुनं वर्तमानपत्र. ती बाजारभाव वाचत होती आणि बागेतले मजूर तोंडात बोट घालून पाहत होते. एकानं विचारलं, "वहिनीले काय झालं जी?"

घरी आलो. दोरीवर लुगडं टाकलं. त्याच्यामागं एका स्टुलावर डबा आणि त्याच्या शेजारी मालती. कधी टेप वाजवायचा, कधी तिनं स्वतः वाचायचं, ठरवणार ती. मी लुगड्याच्या अलीकडं डोळे मिटून बसायचं आणि ओळखायचं, डबा की बायको.

सुरुवातीला सहज ओळखू यायचं. डबा मालतीला सर्दी झाल्यासारखं बोलायचा. मग मी मोटार वाइंडिंगवाल्याकडं जाऊन तारेचे वेढे कमी करून आणायचो, पुन्हा लुगडं. मग डबा चिरका व्हायचा. पुन्हा वेढे. असं चालू राहिलं. एक दिवस मी अगदी मन लावून ऐकत होतो. पलीकडून आवाज आला, "संत्रा मृग बहार, आवक बरी. मिरच्या आणाले सांगितल्या होत्या, त्या आणल्या नाहीत."

मी डोळे मिटूनच निकाल दिला, "डबा. नाकातला आवाज अजून जास्त आहे."

लुगडं बाजूला झालं. मालती उभी होती. "नाकातला काय?"

त्या दिवशी मी मिरच्या आणल्या, भाजी केली आणि भांडीही घासली. पण भांडी घासताना मला उकळ्या फुटत होत्या. मला फरक कळला नव्हता! डबा आणि बायको एक झाले होते.

भादव्यात पार्टीला बोलावलं. आधी जुनी कॅसेट नव्या डब्यावर लावली. सगळे पुढं वाकून ऐकत होते. हळूहळू एकेकाचं तोंड उतरलं. पेटीचा एक सूर उतरलेला होता, तो आता लपत नव्हता. भाऊरावांची ढोलकी सैल वाजत होती. बाई एका ठिकाणी श्वास चुकवून शब्द खात होत्या.

"पयल्या डब्यात आमी बरे गात होतो," जाऊबाई म्हणाल्या.

"डबा खराब हाय," भाऊराव म्हणाले.

गोपिकाबाईंनी मान तिरपी केली. कान डब्याकडं. मग म्हणाल्या, "भाऊ, थे मागून बकरीवानी कोण ओरडून राहिलं?"

मालती दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडात घातला. मी म्हणालो, "मी."

"हां," बाई म्हणाल्या. "तुमी मशीनवरच बसा. थे तुमाले चांगलं जमते."

एका वाक्यात गवई म्हणून माझं आयुष्य संपलं. राजा मला कित्येक वर्षं खोटं सांगत आला होता आणि मी त्याला सिंहासनावर बसवलं होतं.

पण खरं काम पुढंच होतं. पेटी सुरात आणली, ढोलकीची दोरी आवळली, तालीम झाली. शेवटचं कडवं आलं. मी बाईंचा माइक वाढवला. तरीही डब्यातून नाव धड येईना. आणखी वाढवला तर गळा फाटल्यासारखा. राजा असता तर मी "वा!" म्हणून बटण दाबलं असतं. या डब्यानं तोंडावर सांगितलं की ढोलकी चढली की ही ओळ मरते, तुम्ही काहीही करा.

मी दार उघडून आत गेलो आणि सांगितलं. बाई म्हणाल्या, "मंग माह्या नावाच्या ओळीले ढोलकी थांबवा."

भाऊराव उसळले. "थांबवा? शेवटी तं चढते ढोलकी! रिवाज हाय वैनी. लोक म्हणतीन, ढोलकीवाला झोपला."

"नाव घ्यायचाही रिवाजच हाय," बाई म्हणाल्या. "एका रिवाजानं दुसऱ्याले खाल्लं, आन् थो सुदाम जेवून गेला. एक ओळ थांबा भाऊजी. मंग वाजवा किती वाजवाचं थे."

भाऊरावांनी ढोलकी मांडीवरून उतरवून खाली ठेवली. मला वाटलं, झालं, गेलं. ते बाहेर गेले, बिडी ओढली, परत आले. डब्याकडं रागानं पाहिलं. "पुन्हा लावा थे मघाचं." मी लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ओळ संपली तसं म्हणाले, "खरंच नाही येत ऐकू." आणि ढोलकी उचलली.

मग जे झालं ते मी डब्यावर ऐकलं. ढोलकी धावत आली, चढली आणि एकदम थांबली. त्या शांततेत फक्त बाईंचा गळा. 'रामाकोन्याची गोपिका सांगे,' आणि मग थोडा श्वास, 'शिकवा आपल्या नाती.' धाड करून ढोलकी पुन्हा पडली. मी कशालाही हात लावला नाही. टपरीवरच्या टेपवर नेऊन लावलं तर टपरीवाला न विचारता म्हणाला, "हे रामाकोन्याच्या बाईचं हाय नं?"

दसऱ्याला कॅसेट नागपूरला गेली. किती खपली ते मला सांगता येणार नाही. पण दिवाळीनंतर सौंसर-पांढुर्ण्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवर, सलूनमध्ये, पिठाच्या चक्कीवर ती ऐकू यायला लागली.

हिवाळ्यात पांढुर्ण्याला एक कार्यक्रम होता. भोंगे माझे. मंचावर शाहीर सुदाम. समोर माणसं आणि पुढं बायकांचा घोळका, त्यात एका कडेला नातीला मांडीवर घेऊन गोपिकाबाई. त्या आल्याचं मला माहीत नव्हतं. दिसल्या तेव्हा सुदामभाऊंनी नेमकं तेच गाणं सुरू केलं होतं. त्यांना वाटलं असावं, गाणं आता जास्तच गाजलं आहे, बरंच झालं.

माझा हात आवाजाच्या बटणावर होता. शेवटचं कडवं जवळ आलं. मनात आलं, आता याचा माइक बंद करावा. भोंगेवाल्याच्या हातात तेवढं असतं. पण मला ते करावंसं वाटलं नाही. कार्यक्रम त्यांचा होता, आणि बटण दाबून मिटवलेलं नाव मी एकदा पाहिलं होतं.

सुदामभाऊंचा ढोलकीवाला चढत चढत आला. आणि ओळीच्या तोंडाशी आपोआप थांबला. त्यानंही कॅसेट ऐकून ऐकून तेच हातात बसवलं होतं. आता सगळीकडं ते गाणं तसंच वाजत होतं.

शांतता झाली. सुदामभाऊंनी 'शाहीर' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी पुढच्या बायका म्हणाल्या, एका सुरात, 'रामाकोन्याची गोपिका सांगे.'

भोंग्यातून नाही, त्यांच्या गळ्यातून. मागच्या रांगेपर्यंत गेलं ते.

सुदामभाऊ तोंड उघडं ठेवून उभे. मग त्यांनी बायकांच्या नजरेमागं नजर नेली, कडेला बाई दिसल्या. माणूस लबाड होता, पण गाणारा होता. डोक्यावरचा फेटा सारखा केला, हात जोडले आणि ओळ पुन्हा घेतली, तिच्या नावानं. ढोलकी पडली, सगळा मांडव म्हणायला लागला. गोपिकाबाई म्हणत नव्हत्या. त्यांनी नातीचे दोन्ही हात धरले होते आणि तिच्याच हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

तो डबा अजून माझ्याकडं आहे. एकच, जोडी करायचं राहूनच गेलं. पुढं भोंगे गेले, कॅसेटी गेल्या, राजाच्या फळ्यांचं दुकानासमोरचं बाक झालं. डब्याच्या पडद्याची कड वाळली आहे, बदलायला हवी. मालती म्हणते, बदलू नका, नाही तर पुन्हा लुगडं दोरीवर टाकाल.

आणि हो, त्या रात्री मांडवात मीही म्हटलं. पूर्ण कडवं म्हटलं, जोरात. माइक माझ्यापासून लांब होता, म्हणून.